धोंड्याचे जोडे

पुलगावला आमच्या गल्लीच्या एका तोंडाशी सासरा राहतो, दुसऱ्या तोंडाशी जावई, आणि मध्ये माझं किराणा दुकान. ही मांडणी झाली तेव्हाच मी बायकोला, आमच्या विमलाबाईला म्हटलं होतं, की हे काही धड नाही. जावई असावा तर लांबचा. आर्वीचा, नाहीतर पार यवतमाळकडचा. वर्षाकाठी एकदोनदा यावा, पाय धुवायला गरम पाणी मागावं, जरा रुसून-फुगून घ्यावं आणि किंमत शाबूत आहे तोवर परत गाडीत बसावं. रोज दिसणाऱ्या जावयाला कोण विचारतं?

सासरा म्हणजे श्रावणजी. निंबाखाली त्यांचं जोडे शिवायचं दुकान, मागे एक खोली, आणि त्या खोलीत ते एकटे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलती एक पोरगी जिजा, ती त्यांनी नत्थूला दिली. नत्थू गिरणीत कताई खात्यात. वरून पाहिलं तर वाळकी शेंग, पण कमरेखाली दुसराच कोणी माणूस जोडून दिलाय असे पाय. रोज पहाटे, पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत, हा स्टेशनाकडून रुळाच्या कडेकडेनं थेट वर्धा नदीपर्यंत धावत जायचा आणि धावत परत यायचा. अनवाणी. त्या काळी आमच्याकडे माणूस धावला म्हणजे एकतर त्याची गाडी सुटली, नाहीतर म्हैस. काही सुटलेलं नसताना धावणारा आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो.

लग्नानंतरच्या पहिल्याच पोळ्याला श्रावणजींनी भर गल्लीत विचारलं, "मागं कुत्रं नाई, पुढं गाडी नाई, मंग हा मानूस पयते कायले? अन् जोडे शिवनाऱ्याचा जवाई अनवाणी पयते! लोकं मले हासून राह्यले."

नत्थूही तरणा. तो म्हणाला, "मामाजी, तुमच्या जोड्याहून माये अनवाणी पाय हलके हायेत."

झालं. हलवायाला तोंडावर सांगावं की तुझ्या पेढ्यापेक्षा आमचा गुळाचा खडा बरा, तसं हे झालं. त्या दिवसापासून श्रावणजींनी जावयाशी बोलणं टाकलं. शिव्यागाळी झाली असती तर आठ दिवसांत मिटली असती. पण इथं दोघांच्या मदतीला रीत धावून आली. पोरीला मूलबाळ झाल्याशिवाय बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही, म्हणून श्रावणजी तिकडं जायचे नाहीत. आणि बोलावल्याशिवाय जावयानं सासुरवाडीची पायरी चढायची नाही, म्हणून नत्थू इकडं यायचा नाही. जिजा तेवढी सकाळ-संध्याकाळ बापाची भाकर घेऊन माझ्या दुकानावरून ये-जा करायची. बाकी सगळा कारभार माझ्यामार्फत.

"अण्णाजी, त्या गिरनीवाल्याले सांगजा, रुयाजवळ काच पडली हाये म्हनून."

"अण्णाजी, मामाजीले सांगून देजा, माईत हाये मले."

इतके निरोप मी फुकट पोचवले, की पोस्टात असतो तर आतापावेतो पेन्शन लागलं असतं.

मग पंचावन्न सालचा धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात जावयाला बोलवावंच लागतं, त्याला जेवू घालून वाण द्यावंच लागतं. तिथं अबोला चालत नाही. श्रावणजींच्या घरी तर सासू नाही. तेव्हा आमच्या विमलाबाईनं अनारशाचं पीठ करून दिलं आणि म्हातारा स्वतः चुलीपुढं बसला. अर्धे अनारसे कढईतच विरघळले, उरलेले काळे झाले. पण नत्थूच्या पानाशेजारी त्यांनी पाटावर रुमालाखाली जे झाकून ठेवलं होतं, ते मी जन्मात पाहिलं नव्हतं.

जोडे होते. बकरीच्या पातळ कातड्याचे, एकच पदर तळ, खिळा एकही नाही, सगळी शिवण हाताची. हातात घेतले तर वाटावं, पाखरू धरलंय. लष्कराच्या डेपोतल्या कोण्या साहेबाचे शर्यतीचे बूट त्यांच्याकडे दुरुस्तीला आले होते, ते पाहून त्यांनी ही घडण उचलली. माप? माप त्यांनी मागितलंच नाही. पावसाळ्यात गल्लीत चिखल असतो आणि नत्थू रोज त्यातून अनवाणी धावत जातो. तो गेला की म्हातारा काडी घेऊन उमटलेल्या पावलाशी उकिडवा बसायचा. मला वाटायचं, काही हरवलं असेल बिचाऱ्याचं.

"घाला," श्रावणजी म्हणाले. किती दिवसांनी जावयाला थेट म्हटलेला हा पहिला शब्द. "अनवाणी पायाहून हलके नसतीन. पन पायाले समजनार नाई का काई घातलं हाये."

नत्थूनं घातले, दोन पावलं टाकली, आणि वाकून म्हाताऱ्याच्या पायावर डोकं ठेवलं. विमलाबाईनं डोळ्याला पदर लावला. मी अनारसा खाल्ला. कडू होता.

दुसऱ्या दिवशी नत्थू ते जोडे घालून नदीपर्यंत जाऊन आला. रुळाकडेची गिट्टी ती, तिनं एवढासा तळ पहिल्याच दिवशी फाडला. संध्याकाळी तो पाळीवरून घरी जात होता, तेव्हा श्रावणजींनी दुकानातून हाक मारली, "जवाईबुवा, आना पाहू ते जोडे इकडं."

बोलावणं आलं! म्हणजे रीत सुटली नाही आणि पायरीही चढता आली. नत्थू जोडे घेऊन आला, समोरच्या दगडावर बसला. म्हातारा शिवत राहिला, हा पाहत राहिला. गिरणीतल्या मुकादमाच्या गोष्टी निघाल्या, श्रावणजींच्या तरुणपणच्या देवळीच्या बाजाराच्या निघाल्या. दिवेलागण झाल्यावर जिजा येऊन नवऱ्याला घेऊन गेली.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या दिवशी पुन्हा. नत्थू सकाळी फाडायचा आणि श्रावणजी संध्याकाळी शिवायचे. माझे निरोप बंद पडले. खोटं कशाला बोलू, जरा चुकल्यासारखंच झालं मला.

डेपोतले एक हवालदार माझ्याकडे तंबाखू घ्यायला येत. जवानांना कवायत शिकवणारे, पंजाबकडचे. त्यांनी एका पहाटे नत्थूचे पाय पाहिले आणि चुन्याची डबी उघडायची विसरले.

"अरे भाई, ये तो रेस के जूते हैं! रोज पहनोगे तो जूता भी जाएगा, टांग भी जाएगी. रोज के लिए मोटा तला. ये सिर्फ रेस के दिन."

नत्थू मान डोलावून गेला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच जोडे. मग मी त्याला गाठलं. आमच्याकडे बैलांच्या शर्यतीचा शंकरपट पाहिलेल्या कोणालाही कळेल अशा भाषेत सांगितलं.

"लेका, पटाचा बैल कोनी औताले जुंपते का? वर्षभर त्याले खाऊ घालते, तेल लावते, अन् पटाच्या दिवशी सोडते."

"खरं हाये अण्णाजी. पन जोडे खुटीले टांगून ठेवले त फाटतीन कसे?"

"नाई फाटले त बरंच हाये."

"बरं कसं? फाटले नाई त मामाजी शिवतीन काय? अन् शिवाचं नाई त बोलावतीन कायले?"

दुकानदाराला गिऱ्हाइकाचं एवढं सरळ उत्तर सहसा मिळत नाही.

हिवाळा लागला तसे त्याचे पाय बोलायला लागले. नडगीवर सूज, पायरी उतरताना भिंतीला हात. जिजा तिळाचं तेल न्यायला आली.

"काल त नेलं होतं वं पोरी."

"काल एका पायाले लागलं. आता दुसऱ्याले लागते." मग आवाज उतरवून म्हणाली, "अण्णाजी, बाबाले नका सांगजा. त्यायनं एवढ्या कष्टानं जोडे शिवले अन् त्याच्यानंच हे असं झालं म्हनून जिवाले लावून घेतीन."

त्यातच गिरणीच्या फाटकावर कागद लागला. सव्वीस जानेवारीला खेळ होणार, गिरणीवाले आणि डेपोवाले मिळून. त्यात गावाला वळसा घालून लांबची दौड. पहिला येईल त्याला नागपूरच्या शर्यतीला पाठवणार. नत्थूनं तो कागद इतक्या वेळा वाचला, की फाटकावरच्या चौकीदाराला वाटलं हा नवीनच वाचायला शिकला.

हवालदारांनी त्याला माझ्या दुकानाच्या ओट्यावर बसवलं, नडगी अंगठ्यानं दाबली. नत्थू ओरडला नाही, पण माझ्या पोत्यातली मूठभर तूर त्यानं मुठीत चिरडली.

"रेस चाहिए कि नहीं? तो कल से ये जूता बंद. एकदम बंद." जाताना त्यांनी कवायतीचे आपले जुने जाड तळाचे बूट त्याच्यापुढे टाकले.

त्या बुटांकडे नत्थू असा पाहत बसला, जणू कोणी दुसरी बायको आणून दिलीय.

"मामाजीले काय सांगू अण्णाजी? धोंड्याचं वान जवायानं टाकून देल्लं अन् डेपोचे जुने बूट घातले, असं सांगू? एका बोलन्यापायी मागचा सारा अबोला झाला. आता पुन्हा थेच होईन. नागपूर गेलं त जाऊ द्या. पन हे बसनं-उठनं गेलं, त मले नाई चालनार."

आता इथं मी काय केलं ते सांगतो. मिठाच्या पोत्यामागे जागा करून दिली. नत्थू पहाटे घरून सासऱ्याचे जोडे घालून निघायचा, माझ्याकडे यायचा, ते पोत्यामागे ठेवायचा, हवालदारांचे बूट घालून नदीवर जायचा. परत आला की पुन्हा अदलाबदल. आणि त्याआधी? त्याआधी तेलाच्या पिंपाखालची वीट ओढून तो त्या पाखरासारख्या जोड्यांचे तळ घासत बसायचा. खर्र, खर्र. संध्याकाळी म्हाताऱ्याला शिवायला काहीतरी पाहिजे ना!

मी इतकी वर्षं दुकान करतो. नवं सांगून जुनं विकणारे पाहिले आहेत. नव्याला घासून जुनं करणारा हा एकटाच.

नडगीची सूज उतरली. पाय मोकळा झाला. आणि एका संध्याकाळी मी चपलेचा अंगठा तुटला म्हणून श्रावणजींकडे गेलो. नत्थू जोडे देऊन हातपाय धुवायला परत घरी गेला होता, आणि ते त्याचाच जोडा मांडीवर घेऊन बसले होते. मी दोऱ्याकडे पाहिलं. जोडे शिवायचा दोरा मेणातून ओढून घेतात, हे लहान पोरालाही ठाऊक. हा दोरा कोरडा होता, तोही एकपदरी.

"काहो श्रावणजी, मेन सरलं का?"

त्यांनी आरी थांबवली. इकडेतिकडे पाहिलं. मेणाचा गोळा त्यांच्या गुडघ्याशीच पडला होता.

"मेन लावलं त दोन महिने टिकते अण्णाजी."

"मंग चांगलं नाई का?"

"काय चांगलं? दोन महिने तो येईन कायले मंग?"

मी मटकन त्या दगडावर बसलो, नत्थूच्या जागेवर. माझं तोंड पाहून त्यांना हसू आलं.

"तुमाले वाटते मले काई समजत नाई. पयनाऱ्याचा तय एका बाजूनं झिजते, चवड्याखाली झिजते. हा पाहा, सारा सपाट. अन् शिवनीत हे लाल भुकटी. पुलगावात लाल गिट्टी कोठी हाये सांगा बरं? ईटेवर घासून राह्यला तो. ईट कोनाची हाये तेही माईत हाये मले, अन् पोत्यामागचे डेपोचे बूटही."

"मंग त्याले बोलत काऊन नाई?"

श्रावणजींनी जोडा फिरवून पाहिला, त्यावरची लाल धूळ अंगठ्यानं पुसली.

"बोललो त तो घासनं सोडून देईन."

आता माझी पंचाईत बघा. एक जण चांगलं कातडं घासतो आणि दुसरा कच्चा दोरा घालतो, आणि दोघांचाही साक्षीदार मी. मी घरी येऊन विमलाबाईला सांगितलं. तिनं ते जिजाला सांगितलं. जिजाला दोन्ही आधीच ठाऊक होतं.

"बाया असत्या त वाटीभर साखर मागाले गेल्या असत्या," जिजा म्हणाली. "या दोघायले एकामेकाजवळ बसाचं, त त्याच्यापायी एक बकरी वाया गेली."

सव्वीस जानेवारीला गिरणीच्या मैदानावर पताका लागल्या. श्रावणजी मला घेऊन गेले. अंगात धुतलेला सदरा, डोक्याला नवा फेटा. शर्यत त्यांनी कधी पाहिली नव्हती.

"आपला मानूस ते डेपोचे बूट घालून पयनार," ते वाटेत मला म्हणाले. "पयू द्या. पायाले बरे हायेत ते. मले काई वाटत नाई." हे त्यांनी पुढे अजून दोनदा सांगितलं, तेव्हा किती वाटत होतं ते मला कळलं.

नत्थू धावणाऱ्यांच्या रांगेत उभा होता आणि त्याच्या पायात श्रावणजींचे जोडे होते.

म्हाताऱ्याचा चेहरा आधी असा फुलला, की मला बाजूला पाहावं लागलं. आणि मग एकदम पांढरा पडला. त्यांनी माझं मनगट धरलं.

"अण्णाजी, कच्चा दोरा! काल सांजचाच शिवला. गाव अर्धं होत नाई त उसवते. तोंडावर पडते पोट्टा."

ते रांगेत घुसले. "जवाईबुवा, काढा ते जोडे!"

"काऊन मामाजी? हे रेसचेच हायेत ना? रेसले नाई घालू त कवा घालू?"

"काढा म्हनतो ना! अण्णाजी, आरी, दोरा, मेन. पेटीत हाये. पया!"

आणि मी धावलो. पोट सांभाळत, धोतर सावरत, गल्लीत. लोक दारात येऊन पाहत होते की अण्णाजींचं काय सुटलं. पेटीतलं सामान घेऊन परतलो तेव्हा माझ्या तोंडून शब्द निघेना, आणि शिट्टी वाजवणारे साहेब घड्याळ पाहत होते.

श्रावणजी तिथंच धुळीत बसले. नवा फेटा मानेवर आलेला. रापीच्या पात्यानं जुनी शिवण सरकन काढली, दोरा मेणातून ओढला आणि डावा जोडा शिवायला घेतला. मान वर न करता म्हणाले, "मी कच्चा दोरा घालत होतो. तुमी रोज यावं म्हनून."

नत्थू त्यांच्यापुढे उकिडवा बसला होता. "अन् मी ईटेवर घासत होतो."

"माईत हाये मले."

"माईत हाये?"

"मी जोडे शिवतो का भजे तयतो? हा घ्या डावा. घाला."

उजवा अर्धा झाला होता तेव्हा शिट्टी झाली. सगळे सुटले. धुळीचा लोट उठला, लोकांनी ओरडा केला. नत्थू बसलेलाच, एका पायात जोडा, दुसरा उघडा.

"जा ना!" श्रावणजी ओरडले. "अनवाणी जा! तसेच हलके हायेत म्हने तुमचे पाय. पया!"

"गाठ मारा पह्यले."

"अरे, ते पोचतीन फाटकापर्यंत!"

"पोचू द्या. तुमी गाठ मारा मामाजी."

म्हाताऱ्याचा टाका दोनदा चुकला. हवालदार दुरून हातवारे करत पंजाबीत काय काय म्हणत होते, ते मला कळलं नाही हे बरंच झालं. नत्थू मात्र असा बसला होता जसा रोज संध्याकाळी दगडावर बसतो. शेवटी श्रावणजींनी गाठ मारली, दोरा दातानं तोडला आणि जोडा स्वतःच्या हातानं त्याच्या पायात घातला. सासऱ्यानं जावयाचे पाय धरावेत, हे लग्नात पाय धुताना होतं. त्यानंतर मी पहिल्यांदा पाहिलं.

नत्थू गेला तो दिसेनासाच झाला.

गावाला वळसा घालून धावणारे परत दिसू लागले तेव्हा पहिला डेपोचा एक उंच जवान होता. दुसराही डेपोचाच. तिसरा गिरणीच्या रंगखात्यातला. आणि त्याच्या अगदी पाठीवर श्वास टाकत नत्थू. अजून एक शेत असतं तर त्यानं त्याला मागं टाकलं असतं, असं हवालदार म्हणाले. पण शेत नव्हतं. बक्षीस तिघांनाच. नागपूर त्या उंच जवानाला गेलं.

श्रावणजी वाकून नत्थूच्या पायाकडे पाहत होते. शिवण तसूभर हलली नव्हती.

"मायापायी नागपूर गेलं," ते म्हणाले.

"पुढल्या वर्षी जाईन मामाजी. पाय इथंच हायेत," नत्थू धापा टाकत म्हणाला, आणि त्यांचा मानेवर आलेला फेटा काढून त्यांच्या डोक्यावर नीट ठेवला.

खरी शर्यत, माझ्या हिशेबी, दुसऱ्या दिवशी होती. मेण लावलेला पक्का दोरा, पायात हवालदारांचे बूट, नडगी ठणठणीत. म्हणजे कुठंच काही फाटलेलं नाही. संध्याकाळी पाळी सुटली. मी एका बाईचं शेंगदाण्याचं माप हातात धरून तसाच उभा राहिलो. ती म्हणाली, "भरता का नाई जी?" मी म्हटलं, थांब माय.

नत्थू गल्लीत शिरला. श्रावणजी दुकानात मान खाली घालून बसले होते, हातात काम नव्हतं. बोलावणार तरी काय म्हणून? नत्थू त्यांच्या दुकानापुढे आला, एक पाऊल पुढे गेला. थांबला. मागे फिरला आणि पायरी चढला. हात रिकामे.

श्रावणजींनी त्याच्या हातांकडे पाहिलं, मग पायांकडे.

"काय फाटलं?"

"काई नाई."

"मंग?"

"असाच आलतो."

"बिना बोलावल्याचा?"

"हौ."

म्हाताऱ्यानं दगडावर पडलेले कातड्याचे तुकडे हातानं सारले. पुन्हा एकदा सारले, जरी आता तिथं काही उरलेलं नव्हतं.

"बसा," ते म्हणाले.

नत्थू बसला. आणि मग दोघांनाही काही सुचेना. शिवण नाही, आरी नाही, मान खाली घालायला काही कारण नाही. एक निंबाकडे पाहतो, दुसरा गल्लीकडे. मी शेंगदाणे भरले, बाई गेली, तरी तसंच.

शेवटी श्रावणजी खाकरले. "तो पह्यला आला ना, उंच पोट्टा. त्याचे बूट पाह्यले का तुमी? टाच किती मोठी होती!"

"पाह्यली ना!" नत्थू दगडावरच पुढे सरकला. "अन् रस्त्याच्या वयनावर काय झालं, सांगतो तुमाले..."

तो सांगत होता आणि श्रावणजी ऐकता ऐकता उठले, आतून पाण्याचा तांब्या आणून त्याच्यापुढे ठेवला आणि पुन्हा बसले. जिजा त्याला न्यायला आली. थोडा वेळ उभी राहिली, मग तीही पायरीवर टेकली.